लॅपटॉपचं झाकण

"ह्येला झाकण कुठाय?" ताराक्कांनी विचारलं.

टेबलावर माझ्या मुलानं पुण्याहून पाठवलेला नवाकोरा टॅबलेट होता. मी तो खोक्यातून काढून, पदरानं पुसून, हळदीकुंकू लावून मधोमध ठेवला होता. न सांगता जेवणाच्या वेळी पाहुणा टपकावा आणि त्याच्याकडे बघावं, तशा आक्का त्याच्याकडे बघत होत्या.

"झाकण नसतं आक्का याला. सगळं वरच असतं."

"मग बंद कसं करायचं?"

"बटण दाबायचं. हे बघा. झालं बंद."

"आन् समोर माणसं बसल्यावर?"

"समोर बसल्यावर काय?"

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या आणि सुपारी कातरायला लागल्या. आक्का 'काय न्हाई' म्हणाल्या की काहीतरी नक्की असतं, हे मला तीस वर्षांच्या सहवासानं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मी नव्या वस्तूच्या तोऱ्यात होते.

ही नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडात आमचं वधू-वर सूचक मंडळ होतं. मंडळ म्हणजे आम्ही दोघी. ताराक्का माझ्या थोरल्या नणंद. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका म्हणून सगळा तालुका पायाखाली घातलेल्या. कुठल्या घरात कोण कोणाशी किती वर्षांपासून बोलत नाही, हे त्यांना तोंडपाठ. आणि मी कुंदा, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली, म्हणून लेखी काम माझ्याकडे. आक्कांच्या घराची पुढची खोली हे ऑफिस, आणि एक लॅपटॉप ही मंडळाची इस्टेट.

त्या लॅपटॉपची बिजागरी तुटून वर्ष झालं होतं. झाकण मागं कलंडू नये म्हणून मी पाठीमागं लोणच्याची रिकामी बरणी टेकवायचे. सुरू केला की पिठाची गिरणी घरघरावी तसा घरघरायचा आणि मध्येच बंद पडून मुलीच्या मामाचं गावच दिसू द्यायचा नाही. माझा मुलगा विक्रांत कंटाळला होता. "आई, आठ दिवस सगळं काम टॅबलेटवर करून बघ. जमलं तर तो लॅपटॉप सरळ भंगारात दे," असं त्यानं फोनवर सांगितलं, आणि मंडळाची सगळी माहिती टॅबलेटवर चढवूनच तो पाठवला.

"आठ दिस तर आठ दिस," आक्का म्हणाल्या. "पण मग तो लॅपटॉप कपाटात. हात लावायचा न्हाई. न्हाई जमलं तर परत नवीन खुळं काढायची न्हाईत."

"आणि जमलं तर?"

"जमलं तर बरणी मला परत दे. लोणचं घालायचंय."

आता आमच्या कामाची रीत सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक स्थळाचे तीन भाग असायचे. फोटो, माहिती आणि शेरा. फोटो आणि माहिती घरचे लोक द्यायचे. त्या माहितीत सगळ्या मुली मनमिळाऊ, सगळी मुलं निर्व्यसनी आणि झाडून सगळ्यांना वाचनाची आवड असायची. शेरा मात्र आमचा. आक्का सांगायच्या, मी टाइप करायचे. 'मुलगा चांगला, आई बोलू देत नाही.' 'उंची सांगितली ती चपलांसकट.' 'निर्व्यसनी आहे, पण घरी असेपर्यंतच.' आम्ही स्थळं जुळवायचो ती या शेऱ्यांवरून, आणि म्हणूनच आमची लग्नं टिकायची.

पूर्वी दोन वह्या होत्या. एक टेबलावर, लोकांना दाखवायची. दुसरी आक्कांच्या बुडाखाली, गादीखाली घातलेली. लॅपटॉप आल्यावर हुशारी करून मीच दोन्ही वह्या एकात घातल्या. काही अडलं नाही. समोर बसलेल्या माणसाला लॅपटॉपच्या झाकणाची पाठ आणि लोणच्याची बरणी एवढंच दिसायचं. झाकणाआड आम्ही त्याच्याबद्दल काय वाटेल ते लिहीत असायचो, आणि तो बिचारा समजायचा की आपल्या मुलीचं वजन टिपून घेतायत.

टॅबलेटचा पहिला दिवस सोमवार. कबूल करते, दुपारपर्यंतच मला लॅपटॉपची आठवण यायला लागली. काचेवर टाइप करताना बोटं बटणं शोधायची आणि सापडायची नाहीत. एका गृहस्थांनी मुलाची माहिती पेनड्राइव्हमध्ये आणली होती. तो पेनड्राइव्ह खुपसायला या बाईसाहेबांना कुठं जागाच नव्हती. मुलगा आणि मुलगी शेजारी शेजारी ठेवून बघायची माझी सवय, तर इथं एक दिसला की दुसरं गुडूप. पण हे आक्कांना सांगेन तर मी कुंदा कसली? पेनड्राइव्हवाल्या गृहस्थांना मी हळूच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पिटाळलं आणि आक्कांना सांगितलं, "त्यांना घाई होती."

गंमत म्हणजे आक्काच जास्त रमल्या. दोन बोटं ताणली की फोटो मोठा होतो, हे त्यांना कळलं आणि मग काय विचारता! एकेका मुलाचा कान, दात, कॉलर, सगळी तपासणी. "ह्येच्या शर्टाला वरचं बटण न्हाई. आई लक्ष देत न्हाई का हा ऐकत न्हाई, इचारून घे." तोंडानं बोललं की टॅबलेट आपोआप लिहितो, हेही त्यांनीच शोधून काढलं. मंगळवारी सकाळी दार लावून घेऊन त्या त्याच्याशी कुजबुजताना मला ऐकू आल्या. मी दार उघडलं तर म्हणाल्या, "जप करत होते."

त्याच मंगळवारी दुपारी वैजयंता डुबल आली.

वैजयंता तेव्हा बत्तीस वर्षांची होती. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. दिसायला नीटस, बोलायला कमी, आणि चार वर्षांपासून आमच्या मंडळात नाव. चार वर्षांत एकोणीस स्थळं आली आणि एकोणीस नकार गेले. मुलांकडून नाही हं, तिच्याकडून. म्हणजे तिच्या वडिलांकडून.

आनंदराव डुबल एस.टी.च्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या पुकारण्यात जन्म गेला, त्यामुळे साधं 'पाणी द्या' म्हणाले तरी चार फलाटांवर ऐकू जायचं. बायको गेल्यावर बाप-लेक दोघंच घरात. प्रत्येक स्थळ बघायला ते वैजयंताला घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे, शर्टाचा खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "चष्मा घरी राहिला. वैजू, वाच." मी छापून दिलेला कागद वैजू वाचायची, अगदी रक्ताचा रिपोर्ट वाचावा तशा एका सुरात. आणि आनंदराव खोट काढायचे. नागपूरचा मुलगा लांबचा. बँकेतला बदलीचा. डॉक्टर घरी कधी असणार? एकाला तर मिशा नव्हत्या म्हणून आणि त्याच्या पुढच्याला होत्या म्हणून नकार गेला. वैजूला काय वाटतं हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही.

आमच्या मंडळाचा एक नियम होता. वीस नकार झाले की नाव कमी करायचं. नाहीतर नवीन लोक विचारतात, "ही मुलगी अजून इथंच?" आणि त्यात मुलीचीच बदनामी होते. म्हणजे वैजूच्या हातात आता एकच स्थळ उरलं होतं. ते मी शनिवारी दाखवायचं ठरवलं होतं. मला ती पोर फार आवडायची.

मंगळवारी ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच आली होती. नवीन फोटो काढलाय, तो लावाल का म्हणाली.

"अगं, तूच लाव की," मी ऐटीत म्हणाले आणि टॅबलेट तिच्यापुढं सरकवला. "आता सगळं बोटावर आहे. लॅपटॉपसारखी कटकट नाही. तोवर मी चहा टाकते."

चहा घेऊन आले तर ती मांडीवर हात ठेवून बसली होती. टॅबलेट टेबलावर, काळाठिक्कर.

"लावलास फोटो?"

"हो काकू."

"सोपं आहे की नाही?"

"खूप सोपं आहे," ती म्हणाली. चहा प्याली, कप विसळून ठेवला, आणि दारात चपला घालताना विचारलं, "शनिवारी बाबांना घेऊन येऊ ना? नक्की?"

"नक्की ये. त्यांना चष्मा आणायला सांग."

"नाही आणणार ते," वैजू म्हणाली आणि हसली. चार वर्षांत ती आमच्याकडं हसलेली मी पहिल्यांदा बघितली. नव्या फोटोमुळं खुशीत असेल, असं मी समजले.

शनिवारी सकाळी अकराला दोघं आली. आनंदराव खुर्चीत बसले. शर्टाचा खिसा चाचपला.

"चष्मा घरी राहिला. वैजू, वाच."

इतर वेळी मी छापलेला कागद पुढं केला असता. पण छपाई म्हणजे पुन्हा त्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पाया पडणं, आणि टॅबलेटचा सहावा दिवस. मी स्थळ उघडलं आणि टॅबलेट सरळ वैजूच्या हातात दिला. लॅपटॉप काही मी बरणीसकट तिच्या मांडीवर ठेवला नसता.

वैजूनं वाचायला सुरुवात केली. "सुहास बाळासाहेब घोरपडे. वय चौतीस. हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक. राहणार उंब्रज. आई-वडील, एक धाकटा भाऊ."

"उंब्रज?" आनंदरावांनी हात वर केला. "कराड-उंब्रज पंधरा किलोमीटर. दर वीस मिनिटाला गाडी."

"मग चांगलंच की ओ," आक्का म्हणाल्या.

"कसलं चांगलं? उठली की म्हायेरी, उठली की म्हायेरी. लोक म्हंतील पोरगी नांदत न्हाई."

"नागपूर लांब म्हणाला हुतासा."

"लांबच हाय नागपूर. मी काय खोटं सांगितलं?"

"आवो, मग नवरा आणायचा कुठनं? मधल्या स्टॉपवरनं?"

"तसं न्हवं आक्का. मुलगा चांगलाच आसंल. पर हे स्थळ आपल्यात बसत न्हाई." त्यांनी हात झटकला. "पुढचं वाच, वैजू."

विसावा नकार झाला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं. पुढचं स्थळ नव्हतंच. टॅबलेट परत घ्यायला मी हात पुढं केला, पण वैजूचं बोट काचेवरून आधीच सरकलं होतं, तिच्या स्वतःच्या पानावर.

"शेरा," ती म्हणाली.

माझा हात तसाच पुढं राहिला.

"शेरा म्हंजे?" आनंदरावांनी विचारलं.

"मुलीकडच्यांबद्दल लिहिलंय, बाबा. वाचते." आणि ती वाचू लागली, त्याच रक्ताच्या रिपोर्टच्या सुरात. "मुलगी तयार. बाप तयार नाही. आलेले नकार सगळे बापाचे. मुलीला एकदाही विचारलेलं नाही."

"वैजू, बाळ, ते चुकून उघडलं, दे इकडं..." मी उठले. टेबलाखाली आक्कांनी माझं मनगट धरलं. अडकित्ता धरून धरून त्यांची पकड अशी झाली होती की मी होते तिथंच परत बसले.

"आई गेल्यापासून घर मुलीच्या जिवावर. मुलगी गेली तर हातात आयता चहा कोण देणार, ही खरी अडचण. बापाला स्वतःचा चहा करता येत नाही. विसावा नकार आला की नाव काढणे."

पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, मी अगदी मनापासून तशी प्रार्थना करत होते. शेरा माझ्याच हातचा होता. सांगितला आक्कांनी, पण 'आयता' हा शब्द माझा, आणि तो लिहिताना मी स्वतःवर खूश होऊन हसले होते.

वैजूनं मान वर करून वडिलांकडं बघितलं. आनंदरावांचं तोंड अर्धवट उघडं होतं. इतकी वर्षं पुकारत आलेला माणूस, पण त्यातून आवाज येत नव्हता. तिनं पुन्हा मान खाली घातली आणि पुढं वाचलं, जरा हळू.

"चहा येतो त्यांना. मुलीची आई आजारी होती, तेव्हा सहा महिने सकाळचा चहा तेच करायचे. आलं जास्त पडायचं. मुलीला आठवतंय."

ही ओळ माझी नव्हती. मी आक्कांकडं बघितलं. मंगळवारचा जप! दार लावून टॅबलेटशी कुजबुजल्या होत्या, तो हाच शेरा असणार. कुठून कळलं असेल त्यांना हे? पण आक्कांना तालुक्यातलं काय कळत नाही? मला त्यांचा एवढा आधार वाटला म्हणून सांगू. आक्काही माझ्याकडंच बघत होत्या, आणि त्यांची नजर चक्क मऊ होती.

आनंदरावांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि चष्मा काढला.

चार वर्षं तो तिथंच होता. त्यांनी तो शर्टाच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वैजूच्या हातून टॅबलेट घेतला. खूप वेळ वाचत राहिले. एवढ्या पाच-सहा ओळींना इतका वेळ लागत नाही. वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. वैजू मांडीवर हात ठेवून बसली होती.

शेवटी त्यांनी टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला.

"चल," ते म्हणाले. इतकं हळू की शेजारच्या खुर्चीतही ऐकू गेलं नसतं. दोघं निघून गेली.

दार लागल्यावर मी रडले. त्याची लाज वाटत नाही. एका चांगल्या पोरीचं शेवटचं स्थळ तर गेलंच, वर मी तिच्या बापाचा तिच्यादेखत, तिच्याच तोंडून पाणउतारा केला. आणि कशापायी? तर माझा टॅबलेट पास व्हावा म्हणून. आक्का शिव्या देतील, निदान 'मी सांगत हुते' तरी म्हणतील, याची मी वाट बघत होते. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि सुपारी कातरायला बसल्या. त्या चहाच्या ओळीबद्दल मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनी माझी लाज राखली होती, तेवढं मनातच ठेवावंसं वाटलं.

रविवारी मी कपाटातून लॅपटॉप काढायला गेले.

"ठेव तिथंच," आक्का म्हणाल्या. "आठ दिस व्हायचेत अजून."

"आक्का, आता काय राहिलंय बघायचं?"

"ठरलं म्हंजे ठरलं. आठ म्हंजे आठ."

सोमवारी सकाळी साडेनऊला आनंदराव दारात उभे होते. एकटेच. हातात स्टीलचा थर्मास. मला वाटलं, नाव काढायला सांगणार आणि त्याआधी ठणकावून चार शब्द सुनावणार. त्याला त्यांचा हक्कही होता.

"या, बसा. चहा टाकते," सवयीनं माझ्या तोंडून गेलं आणि मी जीभ चावली.

"नगं. आणलाय," ते म्हणाले. "कप तेवढं द्या तीन."

त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं आणि चहा ओतला. थोडा चहा बशीत सांडला. मी पहिला घोट घेतला. आलं असं की कानशिलं गरम झाली, आणि साखर घालताना हात जो सुटला होता तो थांबलाच नसावा. आक्कांना मधुमेह. बिनसाखरेच्या कोऱ्या चहाशिवाय त्या दुसरं काही तोंडाला लावत नसत. त्यांनी तो कप हसतमुखानं उचलला.

"कसा झालाय?" आनंदरावांनी विचारलं.

"आलं जास्त झालंय," आक्का म्हणाल्या.

"पयल्यापासनं पडतंच ते जास्त." त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "उंब्रजच्या घोरपड्यांना काय कळवलंसा?"

"अजून काहीच नाही," मी म्हणाले. खरं म्हणजे मला धीरच झाला नव्हता.

"मग कळवू नगा. बोलवा त्यांला. आन् काय इचारायचं ते वैजूला इचारा. मी नुसता बसंन." मग त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. आज घरी राहिल्याचं नाटक नव्हतं. "आता त्यो शेरा काढा जरा. चहाची ओळ हाय का बघू द्या."

मी टॅबलेट उघडला. शनिवारपासून त्या पानाकडं बघायची माझी छाती झाली नव्हती. वैजूचा नवा फोटो. माहिती. शेरा. मुलगी तयार, बाप तयार नाही... मी खालपर्यंत गेले. 'विसावा नकार आला की नाव काढणे.' त्याच्या खाली काही नव्हतं. मी वर गेले, पुन्हा खाली आले.

"आक्का, तुमची ती ओळ कुठं गेली?"

"माजी? माजी कुठली? ती तर तू लिवलीस."

"मी कुठं लिहिली? मला वाटलं, तुम्ही मंगळवारी दार लावून..."

"मंगळवारी मी आपलं त्येला माजं नाव लिवायला लावत हुते," आक्का म्हणाल्या आणि लाजल्या.

मी पुन्हा एकदा खालपर्यंत बोट फिरवलं.

"न्हवतीच ती," आनंदराव म्हणाले. "शनवारी चष्मा लावून मी तीच हुडकत हुतो. बाकीचं समदं लिवल्यालं हुतं, जसंच्या तसं. तेवढीच न्हवती."

त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

"हिची आई आजारी हुती तवा ही बारावीला. खोलीचं दार लावून आब्यास करायची. मी सकाळी चहा करायचो, हिच्या आईला पाजायचो, एक कप हिच्या दाराशी ठेवायचो आन् डूटीला पळायचो. एक शब्द बोलली न्हाई कधी. मला वाटायचं, पोरीला काय ठावंच न्हाई. माज्याच ध्यानातनं गेलं हुतं, मला चहा येतो म्हणून."

मी उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग त्यांनी घसा खाकरला आणि एकदम स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "उंब्रजला दर वीस मिनिटाला गाडी हाय."

आक्कांनी रिकामा कप त्यांच्यापुढं केला. "वता अजून," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या साखरेबद्दल चकार शब्द काढला नाही.

संध्याकाळी विक्रांतचा फोन आला. आठ दिवस झाले, जमलं का, लॅपटॉप भंगारात द्यायचा का? मी सांगायच्या आधीच आक्कांनी फोन ओढून घेतला.

"लॅपटॉप ऱ्हाऊ दे रं. झाकण पायजे माणसाला. शेरे त्येच्यात."

"आणि टॅबलेट?"

"त्यो बी ऱ्हाऊ दे. फोटो बघायला."

"म्हणजे दोन्ही? मग ठरलं काय आठ दिवसांत?"

"बरणी मिळणार न्हाई मला, एवढं ठरलं," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

वैजूचं लग्न तीन महिन्यांनी उंब्रजमध्ये लागलं. घोरपड्यांचा सुहास भला मुलगा निघाला. शेऱ्यात आम्ही लिहिलं होतं, 'कमी बोलतो, पण ऐकतो', ते अक्षरशः खरं ठरलं. मांडवात माइक अर्थातच आनंदरावांच्या ताब्यात होता. पंगत कुठं बसली, कराडकडं जाणारी वऱ्हाडाची गाडी किती वाजता सुटणार, सगळं ते पुकारत होते, आणि मध्येच विहिणीला चहा मिळाला का ते माइकवरूनच विचारत होते.

जेवणानंतर मी वैजूला आतल्या खोलीत एकटीला गाठलं. मुंडावळ्या सोडून, खुर्चीत पाय पसरून बसली होती.

"खरं सांग," मी म्हणाले. "मंगळवारीच वाचला होतास ना शेरा?"

"हो काकू."

"आणि शनिवारी मुद्दाम मोठ्यानं वाचलास. सगळं आधीच ठरवून."

"शेरा वाचायचं ठरवलं होतं," वैजू म्हणाली. "एक शब्द न गाळता. चार दिवस मनातल्या मनात पाठ करत होते."

"आणि चहाचं?"

तिनं बाहेर बघितलं. आनंदराव माइकवरून कोणाला तरी शोधत होते, बहुतेक तिलाच.

"ते नव्हतं ठरवलेलं. शेरा संपला आणि मी बाबांच्या तोंडाकडं बघितलं. मग तिथंच थांबता येईना."